गाव शहरात येते तेव्हा दवाखान्याचे काय होते?



पुण्याच्या सार्वजनिक जीवनातल्या एखाद्या दिवंगत व्यक्तीचे स्मरण ठेवून आज बोलावे, अशी या व्याख्यानमालेच्या संयोजकांची सूचना होती. मी डॉ. बानूबाई कोयाजी यांचे नाव निवडले. पुण्याचे केईएम रुग्णालय आणि बानूबाई हे समीकरण पुणेकरांना सांगायला नको. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हेही बहुतेकांना आठवत असेल. माझ्या विषयाला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे आहे. १९७२ साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने खेड्यात शाखा काढावी, एवढाच तो मामला नव्हता. गावातल्या बायाबापड्यांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्याच हाती द्यायचे आणि सरकारी यंत्रणेशी भांडत बसण्याऐवजी तिच्याबरोबर काम करायचे, अशी त्यांची रीत होती. दवाखाना कोणाच्या मालकीचा आहे यापेक्षा घरोघरी कोण जाते आणि ते कोणाला उत्तर देते, याला त्या महत्त्व देत असत.

हाच माझा आजचा विषय आहे. गावच्या पातळीवरची प्राथमिक आरोग्यसेवा एका संस्थेकडून काढून दुसऱ्या, बहुधा मोठ्या आणि लांबच्या, संस्थेकडे दिली तर लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो? प्रश्न ऐकायला प्रशासनाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र जुलाब, ताप, बाळंतपण आणि लसीकरण यांच्या नोंदवह्यांत सापडते. पुण्याने हा प्रयोग निदान दोनदा केला आहे. पहिल्या वेळी नागरिकांची संमती कोणी विचारली नव्हती. दुसऱ्या वेळी ‘हरकती व सूचना’ मागवण्यात आल्या, पण त्यात आरोग्याबद्दल फारसे कोणी काही लिहिले असेल असे मला वाटत नाही.

१८९७ : समितीच्या हाती शहर

पहिला प्रयोग प्लेगच्या वेळचा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि वर्ष सरता सरता तो पुण्यात पोचला. शहराचे आरोग्य पाहणे हे तेव्हाही नगरपालिकेचे काम होते. पण नगरपालिकेच्या हातून साथ आवरणार नाही, असे मुंबई सरकारने ठरवले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर असलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड यांना पुण्यात आणून प्लेग समितीचे अध्यक्ष नेमले गेले आणि शहराचे आरोग्य नगरपालिकेकडून इलाखा सरकारच्या समितीकडे गेले. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. पुढचा इतिहास, रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ती २२ जूनची गणेशखिंडीची रात्र आणि चापेकर बंधू, आपण शाळेत शिकलो आहोत. त्या इतिहासाचे आरोग्याचे पान मात्र आपण सहसा उलटत नाही.

समितीची साधने नगरपालिकेपेक्षा कितीतरी अधिक होती. पैसा होता, मनुष्यबळ होते, कायद्याचा धाक होता. रुग्ण वेगळा काढणे, घर निर्जंतुक करणे आणि संपर्कातल्यांना छावणीत ठेवणे हे उपाय त्या काळच्या शास्त्राला धरूनच होते. मग बिघडले कुठे? झडती घेणाऱ्याला कुठल्या घरात कोण राहते, कोण कुठून आले, काखेत गाठ असूनही कोण बोलणार नाही, यातले काहीच ठाऊक नव्हते. लोक रुग्ण लपवू लागले. माळ्यावर, परसात, नातेवाइकांच्या गावी, जिथे जमेल तिथे. शहर सोडून जाणाऱ्यांच्या बरोबर रोगही निघाला. मे महिन्यात पहिली लाट ओसरली, पण त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर आलेली लाट पहिलीपेक्षा फार मोठी होती. ती केवळ समितीच्या वागण्यामुळे आली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. प्लेग उंदीर आणि पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा पुरते सिद्धही झाले नव्हते. पण रुग्ण वेळेवर कळण्याची एकमेव वाट, म्हणजे लोकांनी आपण होऊन सांगणे, समितीने स्वतःच बंद केली, हे मात्र निश्चित.

त्याच महिन्यांत त्याच परिसरात आणखी एक आरोग्यसेवा चालू होती. हडपसरजवळच्या माळरानावर डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभारला होता आणि त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे रुग्ण आणवत होत्या. मुंढवा तेव्हा पुण्याबाहेरचे गाव होते. तिथल्या अस्पृश्य वस्तीतल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. समितीच्या झडत्या सुरू होण्याच्या तोंडावरची ही घटना. त्या दवाखान्यात रुग्ण लपत नव्हते, येत होते. पुढे टिळकांनीही प्लेगसाठी हिंदू रुग्णालय चालवले. या प्रयत्नांची साधने तुटपुंजी होती, सरकारी समितीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. पण रोग्याला शोधून दवाखान्यापर्यंत आणणे, हे प्राथमिक आरोग्यसेवेचे पहिले काम त्यांनी केले.

समितीकडे बळ होते पण लोकांचा विश्वास नव्हता. स्वयंसेवकांकडे विश्वास होता पण बळ नव्हते. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या बहुतेक वादांचे मूळ इथे आहे.

१९६२ : जिल्हा परिषदेचे प्राथमिक आरोग्य केंद्र

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. हे केंद्र चालवायचे कोणी, हा प्रश्न महाराष्ट्राने आपल्या पद्धतीने सोडवला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा शल्यचिकित्सक राज्य शासनाकडे राहिले. म्हणजे पहिली पायरी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे आणि वरच्या पायऱ्या मंत्रालयाकडे, अशी ही रचना आहे. तिचे दोष पुष्कळ आहेत. रुग्णाला वर पाठवायचे तर चिठ्ठी एका खात्याची आणि खाट दुसऱ्या खात्याची.

तरीही या रचनेत एक गोष्ट पक्की बसली. तीस हजार लोकवस्तीला, आदिवासी भागात वीस हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पाच हजारांना, आदिवासी भागात तीन हजारांना, एक उपकेंद्र. उपकेंद्रात आरोग्यसेविका, आणि २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती. प्रत्येक घर कोणाच्या ना कोणाच्या वहीत आले. सेविका घरी आली नाही तर सरपंच वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारत असे आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत सदस्य तो प्रश्न काढत असे. हे नेहमी घडत होते असा माझा दावा नाही. पण प्रश्न कोणाला विचारायचा, हे गावाला ठाऊक होते.

आणखी एक साखळी होती, तिच्याकडे शहरी माणसाचे लक्ष जात नाही. ती पाण्याची. गावच्या विहिरीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकायची ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने. घरातल्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून क्लोरीन आहे की नाही ते पाहायचे आरोग्यसेवकाने. पाण्याचा उद्भव धोक्याचा निघाला तर गावाला लाल कार्ड, बरा असेल तर हिरवे. लाल कार्ड म्हणजे ग्रामसेवकाला आणि सरपंचाला चारचौघांत ऐकून घ्यावे लागणार. पाणी देणारा आणि पाणी तपासणारा, दोघेही एकाच गावात आणि एकाच जिल्हा परिषदेच्या नजरेखाली. ढोबळ व्यवस्था, पण जुलाबाची साथ आली की दुसऱ्या दिवशी कोणाचे दार ठोठवायचे ते कळत असे.

याच काळात शहराचे काय? पुणे नगरपालिकेची १५ फेब्रुवारी १९५० ला महापालिका झाली. कमला नेहरू रुग्णालय, सांसर्गिक रोगांसाठीचे नायडू रुग्णालय, पेठापेठांतले दवाखाने आणि प्रसूतिगृहे हे महापालिकेचे. ससून राज्य शासनाचे. कॅन्टोन्मेंटची रुग्णालये संरक्षण खात्याच्या छत्राखालची. शहरी आरोग्याची राष्ट्रीय योजना आली ती २०१३ साली. तिचा हिशेब वेगळा आहे. पन्नास हजार वस्तीला एक शहरी आरोग्य केंद्र, साधारण दहा हजारांना एक सेविका, आणि एका आशाकडे हजारापासून अडीच हजारांपर्यंत माणसे. उपकेंद्र नाहीच.

राज्यघटनेच्या दोन अनुसूचीही शेजारी ठेवून पाहाव्यात. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने नाव घेऊन नोंदवले आहेत. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा उल्लेख नाही. मोठ्या महापालिका दवाखाने चालवतात ते परंपरेने, कायद्यातल्या सर्वसाधारण कर्तव्यांच्या आधाराने आणि तिजोरीत पैसा असतो म्हणून. गाव पंचायतीच्या यादीतून उठून नगरपालिकेच्या यादीत गेले की आरोग्य केंद्रावरचा त्याचा दावा कागदावरसुद्धा सैल होतो.

२०१७ आणि २०२१ : चौतीस गावे

आता दुसरा प्रयोग. पुणे महापालिकेने हद्द वाढवणे नवे नाही. १९९७ मध्ये अडतीस गावे घेतली गेली आणि पुढे त्यातली काही वगळलीही. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे आली : लोहगाव, धायरी, उंड्री, शिवणे, उत्तमनगर, दोन्ही आंबेगाव, केशवनगर, साडेसतरानळी, फुरसुंगी आणि उरुळी देवाची. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने आणखी तेवीस आली. त्यांत वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक होते आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूचे नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला होते. महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. क्षेत्राने राज्यातली सर्वात मोठी महापालिका, म्हणून कौतुकही झाले.

ही गावे नुसती नावालाच गावे उरली होती, हे मान्य केले पाहिजे. वीस-वीस मजली इमारतींना ग्रामपंचायत पाणी पुरवू शकत नव्हती आणि तीस हजारांसाठी असलेल्या आरोग्य केंद्राच्या अंगावर त्याच्या कितीतरी पट वस्ती येऊन पडली होती. अशा वस्तीला शहरात घेणे अपरिहार्य होते. माझी तक्रार समावेशाबद्दल नाही. तो ज्या पद्धतीने होतो, त्याबद्दल आहे.

अधिसूचना निघते तेव्हा एका रात्रीत ग्रामपंचायत विसर्जित होते. तिच्याबरोबर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीही संपते. जलसुरक्षकाचे पद संपते. सरपंच संपतो. पण आरोग्य केंद्र संपत नाही, ते लोंबकळते. इमारत आणि जमीन महापालिकेच्या नावे करायची, त्याची एक फाइल. कर्मचारी जिल्हा परिषदेच्या सेवेतले, त्यांची ज्येष्ठता, वेतन आणि बदल्या वेगळ्या, त्याची दुसरी फाइल. औषधांचा पुरवठा तिसऱ्या वाटेने आणि संगणकावरच्या नोंदी ग्रामीण रकान्यातून शहरी रकान्यात न्यायच्या, ते चौथे. नवी कार्यालये गावात पहिल्यांदा येतात ती कर आकारणीची आणि बांधकाम परवान्याची. घरभेटीची यादी कोणाकडे, याला अधिसूचनेत जागाच नसते.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचे पुढचे प्रकरण आणखी बोलके आहे. २०१७ मध्ये शहरात घेतलेली ही दोन गावे पुढे महापालिकेतून काढली गेली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. तिथे २०१६ साली जन्मलेल्या एखाद्या मुलाचे लसीकरण कार्ड समोर धरा. हद्द पाहिली तर त्याच्या पहिल्या लशी ग्रामपंचायतीच्या काळातल्या, पाच वर्षांचा बूस्टर महापालिकेच्या काळातला आणि दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस (टीडी) नगरपरिषदेच्या काळातली. मूल तेच, घर तेच. प्रत्येक टप्प्यावर त्याचे नाव नव्या यादीत कोणी उतरवले, एवढाच आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

यात लोकशाहीतल्या एका गळतीची भर पडली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्याच महिन्यात जिल्हा परिषदेचीही. त्यानंतर २०२५ सरेपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. म्हणजे तेवीस गावांचा सरपंच गेला, जिल्हा परिषद सदस्य गेला आणि नगरसेवक आलाच नाही. जवळची संस्था जाऊन लांबची येणे, हा एक भाग झाला. इथे जवळची गेली आणि लांबच्या संस्थेतही विचारणारा कोणी उरला नाही.

जानेवारी २०२५ : पाय लुळे पडले तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हा मज्जातंतूंचा आजार आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आधी पाय आणि मग हात लुळे पडतात, काहींना कृत्रिम श्वास द्यावा लागतो. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, पण या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासण्यांत अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि अन्नातून तो पोटात जातो. जुलाब होतात, ते थांबतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी कोणा कोणाचे पाय चालेनासे होतात.

रुग्ण सर्वात जास्त कुठले? सिंहगड रस्त्याचा पट्टा, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. आरोग्य खात्याच्या रोजच्या तक्त्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण असे रकाने होते आणि त्याशिवाय एक खास रकाना होता : ‘महापालिकेत नव्याने समाविष्ट गावे’. सर्वात मोठा आकडा त्याच रकान्यात होता, नव्वदच्या पुढे. समावेशाला तीन-साडेतीन वर्षे झाली तरी सरकारी तक्त्याला ही गावे वेगळीच मोजावी लागत होती. ती शहर झाली होती की नाही, याचे उत्तर त्या तक्त्यानेच दिले.

समावेशामुळे साथ आली, असे मी म्हणणार नाही. पुरावा तेवढे बोलू देत नाही. पुरावा काय बोलतो ते मात्र नीट ऐकावे. खडकवासल्याचे धरण १८७९ पासून पुण्याची तहान भागवते आहे. त्याचे पाणी पर्वती, वारजे, वडगावच्या शुद्धीकरण केंद्रांतून पेठांमध्ये आणि उपनगरांमध्ये जाते. त्याच तलावाच्या काठच्या गावांना मात्र विहिरीतून पाणी मिळत होते. त्यात क्लोरीन पडे, पण ते शुद्धीकरण केंद्रातून जात नसे. साथ आल्यावर विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांची तपासणी सुरू झाली, त्यातले कित्येक आरओ प्रकल्प बंद करण्यात आले आणि शुद्धीकरण केंद्राचा विषय पुढे आला. पाणी देणारा पाणीपुरवठा विभाग वेगळा, आरोग्य विभाग वेगळा, टँकर आणि आरओवाला तिसराच. जुन्या व्यवस्थेत एकाच गावात होणारी जलसुरक्षकाची आणि आरोग्यसेवकाची कामे आता महापालिकेच्या दोन वेगवेगळ्या विभागांत विभागली गेली होती.

दुसरी गोष्ट आजाराच्या क्रमातून दिसते. पायांतले बळ जाण्याआधी जुलाब होतात. रोगसर्वेक्षणाच्या पद्धतीत जुलाबाची पहिली नोंद ‘एस’ फॉर्मवर व्हायची असते. ती घरोघर फिरणारी सेविका करते. ‘पी’ फॉर्म डॉक्टर भरतो, ‘एल’ फॉर्म प्रयोगशाळा. यातली सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर मिळणारी खबर सेविकेची. एका वाडीत एका आठवड्यात नेहमीच्या तिप्पट जुलाब झाले, हे ती सांगू शकते. जिथे उपकेंद्र नाही आणि सेविकेकडे दहा हजार माणसे आहेत, तिथे ही खबर येणार कशी? या साथीची चाहूल लागली ती मोठ्या रुग्णालयांच्या खाटांवरून, म्हणजे आजाराच्या शेवटच्या टप्प्यावरून. डॉक्टरांनी आपले काम चोख केले. पण शहराला आजार कळण्याची वाट अतिदक्षता विभागातून जात असेल, तर प्राथमिक सेवेचा पाया निसटला आहे.

तिसरी गोष्ट उपचारांच्या घोषणेतून दिसते. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने महाग असतात, म्हणून मोफत उपचार जाहीर झाले आणि ते योग्यच झाले. पण कसे? पुणे महापालिका हद्दीतल्यांनी कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवड हद्दीतल्यांनी वायसीएम रुग्णालयात, ग्रामीण भागातल्यांनी ससूनमध्ये. घोषणा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, जबाबदारी वाटून दिल्याने गोंधळ कमी होतो. पण खडकवासल्याच्या काठावर, जिथे हद्दीची रेघ एका वस्तीतून जाते, तिथल्या कुटुंबाने कमला नेहरू रुग्णालयाकडे निघायचे की ससूनकडे? लुळ्या पायांच्या माणसाच्या नातेवाइकांनी आधी नकाशा पाहायचा, अशी ही व्यवस्था होते.

मोठ्याची बाजू

आता दुसऱ्या बाजूचा वकील होतो. लांबची आणि मोठी संस्था नेहमी वाईट, असे मानणे हा ग्रामीण जीवनाबद्दलचा आपला जुना हळवेपणा आहे. गावातल्या आरोग्य समितीत कोणाची जात चालते, सेविकेने कोणत्या आळीत जायचे आणि कोणत्या टाळायची, हे ‘स्थानिक नियंत्रण’ या गोड नावाखाली पुष्कळदा दडलेले असते. रक्ततपासणीचे यंत्र, विशेषज्ञ, औषधांची घाऊक खरेदी, रुग्णवाहिका हे मोठ्या संस्थेलाच परवडते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेल्या गोपाळकृष्ण गोखल्यांना हेही ठाऊक असणार की नुसत्या सदिच्छेने गटारे वाहत नाहीत.

फिनलंडचे उदाहरण घ्या. तिथे प्राथमिक आरोग्यसेवा सुमारे तीनशे नगरपालिका चालवीत. लहान नगरपालिकांना म्हाताऱ्या लोकसंख्येचा भार पेलेना, म्हणून १ जानेवारी २०२३ पासून ही सेवा एकवीस प्रादेशिक मंडळांकडे आणि हेलसिंकीसाठी त्या शहराकडेच देण्यात आली. हेतू समान सेवेचा होता. पण पहिल्याच वर्षी मंडळांना मोठी तूट आली आणि ती भरून काढताना अनेक ठिकाणी लहान आरोग्य केंद्रे बंद करण्याची वेळ आली. फिलिपिन्सने १९९१ च्या कायद्याने उलट वाट धरली. आरोग्य केंद्रे नगरपालिकांकडे आणि रुग्णालये प्रांतांकडे दिली. दोघांमधली साखळी तुटली, आणि २०१९ च्या कायद्याने प्रांताच्या पातळीवर ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न सुरू झाला. केरळने १९९६ च्या लोकयोजनेत आरोग्य केंद्रे पंचायतींकडे दिली, पण त्यांच्याबरोबर राज्याच्या योजना-निधीचा मोठा वाटाही दिला. तिथे पंचायतीने केंद्राच्या इमारतीवर, औषधांवर, जास्तीच्या डॉक्टरवर खर्च केल्याची उदाहरणे पुष्कळ दिसतात.

तीन देशांत आणि तीन दिशांनी झालेल्या या बदलांत मला एकच नियम दिसतो. वर नेले की खाली आणले, यावर आरोग्य फारसे अवलंबून नाही. सेवेच्या सगळ्या पायऱ्या एकत्र हलल्या की नाही, त्यांच्याबरोबर पैसा हलला की नाही आणि हलवाहलवीच्या काळात घराघरांची जबाबदारी कोणाकडे होती, यावर ते अवलंबून आहे. अधिकार एका सहीने हलतो. जबाबदारी हलायला काही वर्षे लागतात. त्या मधल्या काळाचा हिशेब आजारी माणूस चुकवतो, कारण त्याला थांबता येत नाही.

काय मागावे?

मग करायचे काय? माझ्या सूचना अगदी साध्या आहेत आणि एकाही सूचनेला नवा कायदा लागत नाही.

पहिली : हद्दीच्या अधिसूचनेबरोबर आरोग्याचे हस्तांतर-पत्रक काढावे. कोणते उपकेंद्र, कोणत्या सेविका, किती घरे, किती गरोदर माता, कोणती बालके लसीकरणाच्या कोणत्या टप्प्यावर, हे नावनिशीवार. जमिनीचा सातबारा जसा हस्तांतरित होतो, तशी ही यादी व्हावी.

दुसरी : निदान दोन वर्षे जिल्हा परिषदेचे आरोग्य कर्मचारी होते तिथेच ठेवावेत आणि त्यांचा खर्च दोन्ही संस्थांनी वाटून घ्यावा. सेविकेची बदली झाली की तिच्याबरोबर तिच्या डोक्यातली शेकडो कुटुंबांची माहितीही जाते. ती कुठल्याच फाइलीत नसते.

तिसरी : समाविष्ट गावांना उपकेंद्राचे ग्रामीण प्रमाण लागू ठेवावे. नागरी सुविधा पूर्ण होईपर्यंत पाच हजारांना एक सेविका. रस्ता, गटार आणि शुद्ध पाणी पोचल्यावर मग पन्नास हजारांच्या हिशेबाचे बोलावे.

चौथी : पाणी आणि आरोग्य यांचा साप्ताहिक अहवाल एकाच कागदावर यावा. विहिरीच्या क्लोरीनची नोंद आणि जुलाबाची नोंद शेजारी शेजारी, प्रभागवार, लोकांना पाहता येईल अशी क्षेत्रीय कार्यालयात लावलेली. ग्रामपंचायतीच्या लाल कार्डाची शहरी आवृत्ती म्हणा.

पाचवी : विसर्जित झालेल्या ग्राम आरोग्य समितीच्या जागी प्रभागात समिती हवी, आणि ती केवळ झोपडपट्टीपुरती नको. सोसायट्यांचे अध्यक्ष, जुन्या गावठाणातले लोक, आशा आणि अंगणवाडी सेविका एकत्र बसल्या तर टँकर कुठून येतो हे पंधरा मिनिटांत कळेल.

सहावी : साथीच्या वेळी उपचाराचे दार हद्दीवर ठरू नये. रुग्ण जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात जाईल आणि खर्चाचा हिशेब संस्था नंतर आपसांत करतील. त्यांच्याकडे लेखापाल आहेत. रुग्णाकडे नसतात.

बानूबाईंच्या वढूच्या कामाकडे आज पाहिले तर त्यात मालकीचा वाद जवळजवळ नाही. सरकारी यंत्रणा सरकारची राहिली, रुग्णालय रुग्णालयाचे राहिले, गावातल्या बाया गावाच्या राहिल्या. तिघांच्या कामाचा ताळमेळ घरभेटीच्या वहीत बसत असे. पुणे महापालिकेकडे वढूच्या मानाने कितीतरी अधिक पैसा आहे. वही मात्र अजून पुरती तयार झालेली नाही.

पुण्याची हद्द इथेच थांबेल असे मला वाटत नाही. आणखी गावे आत येतील, काही बाहेरही जातील, एखाद्या वेळी दुसरी महापालिकाही होईल. तेव्हा वर्तमानपत्रात अधिसूचनेचा मसुदा छापून येईल आणि हरकती मागवल्या जातील. आपल्यापैकी बहुतेक जण मालमत्ता कर आणि विकास आराखड्यातली आरक्षणे यांवर लिहितील. जरूर लिहावे. पण अर्जाच्या पहिल्या ओळीत विचारावे : या गावातल्या प्रत्येक घराची आरोग्याची जबाबदारी उद्या सकाळी कोणत्या माणसाकडे आहे, आणि ते काम झाले नाही तर आम्ही कोणाला विचारायचे? याचे उत्तर नाव आणि हुद्द्यासह मिळेपर्यंत हरकत मागे घेऊ नये.